जहाजाच्या पोटातला वारा

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या दोन तीरांवर गोटमार होते आणि त्या एका दिवसापुरते सावरगावचे नाव दूरदूरच्या वर्तमानपत्रांत येते. एरवी संत्र्याचे बगीचे, कपाशी आणि पाण्याची विवंचना यांत गुंतलेले हे गाव. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसरही त्यात आले. परंतु जिल्हा बदलला म्हणून समुद्र काही जवळ आला नाही. अशा सावरगावाहून जहाजावरील यंत्राविषयी पृच्छा करणारे पत्र यावे, याचे आम्हांस प्रथम नवल वाटले आणि मागाहून आनंद झाला.

पत्र लिहिणारे सद्गृहस्थ बागायतदार आहेत. त्यांचे चिरंजीव सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन एका मालवाहू जहाजावर चौथ्या अभियंत्याच्या जागेवर रुजू झाले. मालवाहू जहाजांवर हवेचे कॉम्प्रेसर आणि तेल शुद्ध करणारी यंत्रे चौथ्या अभियंत्याच्या हवाली असण्याची जुनी वहिवाट आहे. त्याप्रमाणे मुलाने घरी दूरध्वनीवर सांगितले की, ‘माझ्याकडे कॉम्प्रेसर दिले आहेत.’ यावर घरातल्या आजीबाईंनी विचारले, ‘‘जहाजाले का चाकं रायते, हवा भराले?’’ घरात हशा पिकला खरा, पण उत्तर कोणालाच देता आले नाही. म्हणून जहाजाला हवा कशासाठी लागते, तिच्यासाठी कॉम्प्रेसर कसा असतो आणि तो निवडताना काय पाहतात, हे आम्ही सांगावे अशी विनंती आहे. पत्राच्या अखेरीस ‘काम धोक्याचे तर नाही ना?’ एवढे एक वाक्य आहे. आमचा असा तर्क आहे की, सारे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहिले गेले असावे.

आजीबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा मुळीच नाही. सावरगावकरांना कॉम्प्रेसर परका नाही. पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात तो दिवसभर धडधडत असतो. पांढुर्ण्यावरून नागपूर-इटारसी मार्गाच्या ज्या मालगाड्या जातात, त्यांचे ब्रेक हवेच्याच दाबावर चालतात. आणि ज्याने बगीच्यात बोअर मारून घेतला आहे, त्याने तर ट्रकवर बसवलेला तो प्रचंड कॉम्प्रेसर रात्रभर गर्जताना ऐकलेला असतोच. शास्त्रीय मराठीत या यंत्रास ‘संपीडक’ असा शब्द आहे. परंतु कारखान्यात आणि जहाजावर तो शब्द कोणी उच्चारत नाही, तेव्हा आम्हीही कॉम्प्रेसरच म्हणू.

जहाजाला चाके नसतात, पण त्याला एंजिन असते आणि त्या एंजिनाला पहिला धक्का देणारे कोणीतरी लागते. मोटारीचे एंजिन बॅटरीवरच्या लहानशा मोटरने फिरते. शेतावरचे जुने तेलाचे एंजिन हँडल मारून सुरू करीत असत, आणि ते सुरू करताना दंडातले बळ कसे पणास लागे, हे आमच्या अनेक वाचकांस आठवत असेल. आता जहाजाचे एंजिन डोळ्यांपुढे आणा. २००६ साली समुद्रावर आलेल्या ‘एम्मा मेर्स्क’ या मालजहाजाच्या एंजिनाला चौदा सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ९६ सेंटिमीटर आणि साऱ्या एंजिनाचे वजन सुमारे २,३०० टन! त्या सिलिंडरात माणूस उभा राहू शकतो. हे धूड फिरवण्यास कोणती बॅटरी पुरणार? म्हणून त्यास वाऱ्याने फिरवतात. ३० बार दाबाची, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या तीसपट दाबाने कोंडलेली हवा, एकामागून एक सिलिंडरांत योग्य क्षणी सोडली जाते. ती दट्ट्याला खाली रेटते, एंजिनाचे जड अंग हलते, दोन-चार फेरे होतात. एवढ्यात आत दाबली गेलेली हवा तापते, तेलाचा फवारा पडतो, तो पेट घेतो आणि एंजिन स्वतःच्या बळावर चालू लागते. हा सारा खेळ काही सेकंदांचा असतो. त्या काही सेकंदांसाठी जहाजाच्या पोटात वारा कोंडून ठेवावा लागतो.

वाफेच्या काळी ही अडचण नव्हती. १९१९ साली मुंबईहून लंडनला गेलेली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ काय किंवा कोकणच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या त्या काळच्या आगबोटी काय, बॉयलर पेटवला, वाफ तयार झाली, झडप उघडली की एंजिन निघाले. उलट डिझेल एंजिनाचे आणि कॉम्प्रेसरचे नाते जन्मापासूनचे आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले एंजिन यशस्वी करून दाखवले, तेव्हा तेल सिलिंडरात फवारण्यासाठीदेखील दाबलेली हवाच वापरावी लागे. १९१२ साली कोपनहेगनहून बँकॉककडे निघालेले ‘सेलांडिया’ हे महासागरावरील पहिल्या मोठ्या डिझेल जहाजांतले. तिच्या एंजिनांनाही अशीच हवा लागे. पुढे तेल पंपाने फवारण्याची युक्ती निघाली आणि तेवढे एक काम कमी झाले. एंजिन सुरू करण्याचे काम मात्र आजही हवेकडेच आहे.

परंतु खरी मेख याहून वेगळीच आहे, आणि ती कळल्याखेरीज कॉम्प्रेसरचे महत्त्व कळत नाही. मोठ्या मालजहाजाच्या एंजिनाला गिअर नसतो. एंजिनाचा दांडा थेट पंख्याला जोडलेला असतो. ट्रकवाला गिअर बदलून गाडी मागे घेतो. अशा जहाजाला मागे जायचे झाले, तर एंजिन पूर्ण थांबवून ते उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावे लागते. आणि जहाजाला ब्रेक नसतात. पुढे जाणारे जहाज थांबवायचे म्हणजे पंखा उलटा फिरवायचा. म्हणजेच एंजिन पुन्हा नव्याने सुरू करायचे. म्हणजेच पुन्हा हवा खर्च करायची. भर समुद्रात हा प्रसंग क्वचित येतो, कारण एकदा सुरू झालेले एंजिन दिवसचे दिवस चालत राहते. पण बंदरात शिरताना, नदीच्या मुखातून अरुंद पात्रात वळताना, धक्क्याला लागताना वरून हुकूम सुटत असतात : पुढे मंद, थांब, मागे मंद, थांब, पुढे. प्रत्येक हुकुमासरशी बाटलीतील हवेचा काटा खाली येतो. तो फार खाली गेला आणि त्याच वेळी ‘मागे पूर्ण’ असा हुकूम आला, तर एंजिन फिरणार नाही आणि हजारो टनांचे जहाज आपल्या गतीने समोरच्या धक्क्यावर वा दुसऱ्या जहाजावर जाईल. वर सुकाणूपाशी कितीही निष्णात माणूस उभा असो, खाली बाटलीत हवा नसेल तर त्याचे हात बांधलेले असतात.

यासाठीच जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्थांनी एक नियम घालून दिला आहे. एंजिन उलट फिरवता येण्याजोगे असेल तर हवेच्या बाटल्या एवढ्या मोठ्या हव्यात की, मध्ये भर न घालता एकदा पुढे, एकदा मागे असे बारा वेळा एंजिन सुरू करता यावे. ज्याच्या पंख्याची पाती वळवून जहाज मागे घेता येते, किंवा ज्याला गिअर आहे, अशा एकाच दिशेने फिरणाऱ्या एंजिनास सहा वेळा पुरेल इतकी हवा चालते. आणि रिकाम्या बाटल्या एका तासात पूर्ण दाबाने भरू शकतील एवढे बळ कॉम्प्रेसरांत हवे. असे कॉम्प्रेसर किमान दोन असावेत, म्हणजे एक बिघडला तर दुसरा आहे. आपल्या देशात या कामासाठी १९७५ साली मुंबईत ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यासारख्या संस्थेच्या तपासनिसाची संमती नसलेला कॉम्प्रेसर जहाजावर चढवता येत नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा, जहाजावर पाच-पाच घनमीटरच्या दोन बाटल्या आहेत आणि त्यांत ३० बार दाबाने हवा भरायची आहे. दोन्ही मिळून दहा घनमीटर. त्यांत तीसपट हवा कोंबायची म्हणजे बाहेरची ३०० घनमीटर हवा लागली. ती एका तासात भरायची, तर दोन कॉम्प्रेसरांपैकी प्रत्येकाने तासाला १५० घनमीटर हवा दिली पाहिजे. निवडीतले अंकगणित एवढेच, आणि शाळेतल्या मुलालाही जमेल असे.

येथे आमचे बागायतदार वाचक चकित होतील. बोअर मारणाऱ्या ट्रकवर मिनिटाला ११०० घनफूट हवा देणारे कॉम्प्रेसर सर्रास असतात. म्हणजे तासाला सुमारे १,८५० घनमीटर! आमच्या हिशेबातल्या जहाजी कॉम्प्रेसराच्या बारापट! मग संत्र्याच्या बगीच्यात येणारे हे यंत्रच उचलून जहाजावर का ठेवीत नाहीत? एक तर त्याचा दाब सुमारे २१ बारच्या आसपास थांबतो आणि जहाजाला ३० हवेत. परंतु दाब वाढवून घेतला, तरीही ते यंत्र तेथे चालायचे नाही. बोअरच्या यंत्राला भरपूर हवा अखंड द्यायची असते. ते बिघडले तर फार तर एक रात्र वाया जाते आणि सकाळी नागपूरहून मिस्त्री येतो. जहाजाच्या कॉम्प्रेसराला थोडी हवा द्यायची असते, पण ती हमखास द्यायची असते आणि मिस्त्री यायचा नसतो. याच एका फरकाने निवडीची सारी कसोटी बदलते.

आमचे स्पष्ट मत असे की, जहाजाचा कॉम्प्रेसर तो किती हवा देतो यावरून निवडू नये. वाईटातल्या वाईट वेळी तो काय करील आणि हाताशी असलेल्या माणसांना तो किती लवकर उघडता-बसवता येईल, यावरून निवडावा. कारखान्याच्या माहितीपत्रकात हवेचे माप पहिल्या पानावर मोठ्या ठशात असते. पुढल्या गोष्टी शेवटल्या पानांवर बारीक अक्षरांत असतात आणि वाचायच्या त्या तेथेच.

यंत्र तिरके झाले तर काय? शेतातला पंप सिमेंटच्या सपाट ओट्यावर बसलेला असतो. जहाजाची यंत्रखोली डोलत असते. जहाज एका बाजूला १५ अंश कललेले राहिले किंवा २२॥ अंशांपर्यंत हेलकावत असले, तरी यंत्र चालले पाहिजे असा दंडक आहे. तळाच्या टाकीतले वंगण तेल एका कोपऱ्यात गेले आणि पंपाच्या तोंडात हवा आली, तर बेअरिंगे काही मिनिटांत जळतात. गरमीचे तसेच. यंत्रखोलीत ४५ अंश उष्णता आणि थंड करण्यास मिळणारे समुद्राचे पाणी ३२ अंशांचे, असे धरून यंत्राची परीक्षा व्हावयास हवी. युरोपातल्या हिवाळ्यात घेतलेल्या चाचणीचे आकडे मे महिन्यातल्या मुंबई बंदरात कामास येत नाहीत.

मग प्रश्न येतो पाण्याने थंड होणारा घ्यावा की हवेने. पाण्याचा कॉम्प्रेसर शांत चालतो आणि यंत्रखोली तापवीत नाही. पण त्याचे कूलर गळतात, नळ्या चोंदतात, पंप पाहावा लागतो. हवेच्या कॉम्प्रेसराला पाण्याची कटकट नाही, परंतु तो आपली सारी उष्णता खोलीत ओकतो आणि त्याच्या पंख्यासमोर मोकळी जागा लागते. तेलाने माखलेली धूळ त्याच्या पात्यांवर बसली की तो गुदमरतो. लहान व मध्यम जहाजांवर हवेचा, मोठ्यांवर पाण्याचा, असा साधारण कल दिसतो. पण खोलीत वारा खेळता नसेल तर लहान जहाजावरही पाण्याचाच बरा. स्क्रूचा कॉम्प्रेसर दिसायला सुबक आणि चालायला गोड. जहाजावर तो सात-आठ बारच्या हवेसाठी वापरतात. त्या हवेवर यंत्रांच्या झडपा हलतात, हत्यारे चालतात, भोंगा वाजतो. तीस बारचे राज्य अजून दट्ट्याच्या कॉम्प्रेसराचेच आहे. जर्मनीचे सॉअर व हॅटलापा, फिनलंडचे स्पेरे, जपानचे तानाबे ही या धंद्यातली जुनी नावे होत.

सुटे भाग हा विषय तर सोयरीक जुळवण्याइतका काळजीने पाहावा. दोन्ही कॉम्प्रेसर एकाच जातीचे असावेत, म्हणजे एका पेटीतले सुटे भाग दोहोंना लागतात आणि अगदीच वेळ आली तर एकाचे अवयव काढून दुसरा जगवता येतो. झडपांच्या पट्ट्या, स्प्रिंगा, रिंगा, गास्केटे यांची पूर्ण भरती जहाजावर हवी. आणि झडप काढण्यासाठी अर्धे यंत्र सोडावे लागत असेल, तर ते कितीही नामांकित असो, आमच्या मते नापास.

आता त्या वाईटातल्या वाईट वेळेविषयी. समजा, भर समुद्रात जहाजावरची सारी वीज गेली आणि बाटल्याही रिकाम्या आहेत. मुख्य एंजिन सुरू करण्यास हवा हवी. हवेसाठी कॉम्प्रेसर हवा, कॉम्प्रेसराला वीज हवी, विजेसाठी जनित्र हवे आणि जनित्राचे एंजिन सुरू करण्यास पुन्हा हवाच हवी! पूर्वी घरातला विस्तव विझला तर शेजारून निखारा आणीत. समुद्रावर शेजार नाही. म्हणून जहाजावर एक निखारा राखून ठेवलेला असतो. काही ठिकाणी हाताने फिरवून सुरू होणाऱ्या छोट्या डिझेल एंजिनावर चालणारा एक चिमुकला कॉम्प्रेसर असतो, तर काही ठिकाणी बॅटरीवर सुरू होणारे आणीबाणीचे जनित्र एका लहान कॉम्प्रेसराला वीज देते. तो एक लहानशी बाटली भरतो, त्या बाटलीने मोठे जनित्र सुरू होते, त्याच्या विजेवर मोठा कॉम्प्रेसर, त्याने मोठ्या बाटल्या आणि मग मुख्य एंजिन. बाहेरची कसलीही मदत न घेता मेलेले जहाज अशा रीतीने उठवता आले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हा चिमुकला कॉम्प्रेसर एरवी कोपऱ्यात धूळ खात असतो. परंतु जहाज कसे ठेवले आहे याची परीक्षा आम्ही त्याच्यावरूनच करू. त्याचे हँडल सहज फिरत असेल तर बाकीचेही ठीक असणार.

आता कॉम्प्रेसराच्या पोटात काय चालते ते थोडक्यात पाहू, कारण धोका कोठे आहे हे त्याशिवाय समजायचे नाही. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे तोंड तापते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. हवा दाबली की तापते. एकाच दमात हवा ३० बारपर्यंत दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर हिशेबाने ती ५०० अंशांच्याही वर जाईल. त्या उष्णतेत वंगण तेल पेट घेईल. म्हणून काम दोन टप्प्यांत करतात. पहिल्या मोठ्या सिलिंडरात हवा सुमारे साडेपाचपट दाबतात, मग ती कूलरमधून नेऊन थंड करतात आणि दुसऱ्या लहान सिलिंडरात पुन्हा साडेपाचपट दाबतात. अशाने कोणत्याही टप्प्यात उष्णता दोनशे अंशांच्या आसपासच राहते, आणि यंत्राला लागणारे बळही कमी होते. अखेरीस पुन्हा एकदा थंड करून हवा बाटलीत जाते.

हवा थंड होते तेव्हा तिच्यातले पाणी बाहेर पडते. किती? वर सांगितलेला तासाला १५० घनमीटरचा कॉम्प्रेसर ३० अंशांच्या दमट हवेत चालला तर तासाभरात साडेतीन लिटरांहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपाने आत ओढतो. दाबून थंड केलेल्या हवेत त्यातले पाव लिटरच मावते. उरलेले तीन लिटरांहून अधिक पाणी कोठे जाणार? ते तेलात मिसळून दुधासारखे पांढरे होते आणि कूलरच्या व बाटलीच्या तळाशी साचते. ते नळ उघडून वेळच्या वेळी काढणे हे चौथ्या अभियंत्याच्या पहाऱ्यातले नित्यकर्म. नळ उघडण्याचे काम अगदी क्षुल्लक दिसते; पण तो न उघडल्यास झडपा गंजतात, बाटली आतून झिजते, आणि तेल पुढे नळांत जाऊन बसते.

ते नळांत बसलेले तेल हाच मोठा धोका. एंजिनाच्या सिलिंडरावरची हवेची झडप नीट बसली नाही, तर आतला जळता वायू उलट हवेच्या नळात शिरतो आणि नळ तापतो. त्याच नळाच्या अंगावर तेलाचा थर असेल आणि पुढल्या हुकुमासरशी तेथे ३० बारची हवा आली, तर नळाची बंदूक होते. १९३८ साली बेलफास्टला बांधलेल्या ‘केपटाउन कॅसल’ या उतारू जहाजावर १९६० साली लास पाल्मासजवळ असाच स्फोट यंत्रखोलीत झाला आणि सात माणसे दगावली. सागरी अभियांत्रिकीच्या वर्गांत हे उदाहरण अद्याप शिकवले जाते. म्हणून नळांवर सुरक्षा-झडपा असतात, ज्वाळा अडवणाऱ्या जाळ्या असतात, बाटलीवर शंभर अंशांच्या किंचित वर वितळणारा धातूचा खिळा असतो, आणि कॉम्प्रेसरातून निघणारी हवा फार तापली तर यंत्र आपोआप बंद पडते. सावरगावच्या वडिलांना आम्ही सांगू ते असे : काम धोक्याचे आहे, परंतु धोका येण्यापूर्वी सूचना मिळते. बाटली भरण्यास नेहमी तीस मिनिटे लागत आणि आता पंचेचाळीस लागली, तर झडपांवर काजळी धरली असे समजावे. एंजिन चालू असताना हवेच्या नळावर हात ठेवून पाहावा. एकच नळ तापलेला लागला तर त्याची झडप गळते आहे. आपल्या मुलाने हे घड्याळ आणि हा हात सोडू नये, एवढे त्याला लिहावे.

पाण्याने दुसऱ्याही तऱ्हेने घात होतो. अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही पाणबुडी १० एप्रिल १९६३ रोजी १२९ माणसांसह बुडाली. पाणबुडीला वर यायचे असेल तेव्हा अतिशय दाबाची हवा सोडून टाक्यांतले पाणी बाहेर लोटतात. पुढे तिच्याच जातीच्या पाणबुडीवर प्रयोग करून पाहता असे दिसले की, दाबाची हवा एकाएकी सुटल्याने एवढी थंड होते की, तिच्यातल्या ओलाव्याचे बर्फ बनून गाळणीच बुजते. ‘थ्रेशर’ वर येऊ शकली नाही, याचे हे एक कारण मानले जाते. मुंबईच्या माझगाव गोदीत १९९२ साली नौदलात दाखल झालेली ‘शाल्की’ आणि २०१७ सालची ‘कलवरी’ या पाणबुड्या बांधल्या गेल्या. अशा कामात हवा कोरडी करणाऱ्या यंत्राला कॉम्प्रेसराइतकाच मान असतो. मालजहाजावरही नियंत्रणाची हवा कोरडी करूनच वापरतात.

मराठी माणसाला या विद्येत परके वाटण्याचे कारण नाही. नौदलाच्या यंत्रज्ञांचे शिक्षण १९४५ पासून लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ या तळावर होत आले आहे. ज्या किर्लोस्करांचा नांगर आणि तेलाचे एंजिन वऱ्हाडापासून सातपुड्यापर्यंत शेतकऱ्याच्या ओळखीचे, त्यांच्याच घराण्याचा किर्लोस्कर न्यूमॅटिक हा कॉम्प्रेसरांचा कारखाना १९५८ पासून पुण्यास हडपसर येथे आहे. तळेगावजवळ इंदुरी येथे १९९८ साली तोलानी सागरी शिक्षणसंस्था निघाली, आणि समुद्र न पाहिलेल्या गावांतून मुले तेथे जाऊ लागली.

जाता जाता आमच्या व्यावसायिक वाचकांसाठी एक गोष्ट. गुजरातेत अलंग येथे १९८३ पासून जुनी जहाजे मोडली जातात आणि त्यांतले कॉम्प्रेसर व हवेच्या बाटल्या भावनगरच्या बाजारातून देशभर विकल्या जातात. प्लॅस्टिकच्या बाटल्या फुगवणारे कारखाने, मोठी गॅरेजे यांना तीस बारची यंत्रे नव्याच्या मानाने फार स्वस्त मिळतात आणि मोह होतो. कॉम्प्रेसर जुना घेण्यास आमची हरकत नाही. झडपा, रिंगा बदलून आणि वरच्या दट्ट्याची फट शिशाची तार दाबून मोजून घेतली की तो अनेक वर्षे चालतो. हवेची बाटली मात्र निराळी वस्तू आहे. ती बाहेरून रंगवलेली असते आणि झिजलेली असते ती आतून, तळाशी, जेथे वीस-पंचवीस वर्षे पाणी साचून राहिले. घेण्यापूर्वी आतला पत्रा किती जाड उरला आहे ते मोजून घ्यावे आणि तिच्यात पाणी भरून चालू दाबाच्या दीडपट दाबाने परीक्षा करवावी. परीक्षा पाण्यानेच का, हवेने का नाही, असे एका वाचकांनी पूर्वी विचारले होते. पाणी दाबले जात नाही. बाटली फुटली तर धार उडते आणि दाब संपतो. हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. तीच बाटली हवेने फुटली तर पत्र्याचे तुकडे भिंत फोडून जातात. बाटलीच्या अंगावर ठोकलेला चाचणीचा दाब आणि तारीख वाचता येत नसेल, तर ती भंगाराच्या भावाने मिळाली तरी भंगारातच राहू द्यावी.